पुन्हा म्हणण्याची ओंजळ

अध्यक्षसाहेब, माझ्या जावेचं काम तुम्ही घालवलंत. शेठने नाही, मुकादमाने नाही, यंदा तोंड दाखवून पळालेल्या पावसानेही नाही. तुम्ही. माइकसमोर उभं राहून, गळ्यात हार घालून, हसत हसत घालवलंत, आणि लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. तुम्हाला अजूनही वाटतं की तुम्ही आमचं कौतुक केलंत. वाचनालयाच्या भिंतीवर आमचा फोटो लावलाय तुम्ही. तो फोटो खोटा आहे, तेही सांगते. पण आधी वखारीत चला. मागे आलात तेव्हा नाकाला रुमाल लावून अर्धे दारातच उभे होतात, तुम्हाला नीट काही दिसलं नसेल.

वखारीच्या खिडक्यांना पोती ठोकलेली आहेत. वारा आत आला की मिरचीची धूळ उठते, म्हणून वाराच नको. मधे वाळलेल्या मिरचीचे ढीग, आणि प्रत्येक ढिगाभोवती बायकांचं कोंडाळं. एका हातात मिरची धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या नखाने देठ खुडायचं, मिरची टोपलीत, देठ मागे. संध्याकाळी मुकादम काट्यावर टोपली चढवणार, वजन तसा पैसा. एवढंच काम. लहान पोरालाही येईल. पण दुपारपर्यंत हाताची आग खांद्यापर्यंत चढते. नाक वाहतं, पण पुसायचं नाही. डोळा खाजतो, हात लावायचा नाही. नवी आलेली बाई पहिल्या दिवशी विसरते आणि बोंबलत हौदाकडे पळते, आणि आम्ही हसतो. हसायचंच असतं, आमच्या वेळी पण हसल्या होत्या. घरी गेलं तरी मिरची अंगाबरोबर येते. तान्हं असलेल्या बाया अंगावर पाजण्याआधी तेल लावून, राख लावून, पुन्हा तेल लावून हात धुतात, तरी पोर रडतंच.

माझ्या थोरल्या जावेचे हात दोन मोसमांपूर्वी गेले. बोटांची कातडी आधी सुकली, मग फाटली, मग पाणी धरलं. नखं मऊ पडून उचलली गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "मिरचीला हात लावायचा नाही." जाऊबाई म्हणाल्या, "मग कशाला लावू?" डॉक्टर म्हणाले, "पुढचा पेशंट."

घरात आम्ही चौघं. सासूबाईंचे गुडघे धरलेले. दीर पोती वाहायचे, त्यांची कंबर बसली, आता ओट्यावर बसून फाटकी पोती शिवतात. माझा नवरा लांबच्या ट्रकवर, आला तर आला. म्हणजे चूल पेटते ती दोन जावांच्या टोपल्यांवर. जाऊबाई घरी बसल्या तर एका टोपलीवर चौघांनी जगायचं, आणि त्यात जाऊबाईंचं मलम. ते कसं होणार होतं? म्हणून त्या हाताला फडकी गुंडाळून तशाच येत राहिल्या. खुडलेल्या मिरचीला फडक्यातलं पाणी लागायला लागलं तेव्हा मुकादम म्हणाला, "वहिनी, हा माल मी काट्यावर कसा घेऊ? उद्यापासून येऊ नका."

तेव्हा तोफ मधे पडली. तोफ म्हणजे आमच्या कोंडाळ्यातली सगळ्यात जुनी बाई. तिचा आवाज वखारीबाहेर रस्त्यावर ऐकू जातो, म्हणून तोफ. ती म्हणाली, "ती वाचेल."

"काय वाचेल?"

"काहीही. तिला येतं. घरी सासूला वाचून दाखवते. आम्ही इथे दिवसभर एकमेकींच्या सुनांना शिव्या देतो, त्यापेक्षा बरं. तिची टोपली आम्ही भरू. तुला वजनाशी मतलब ना?"

मुकादमाने मान खाजवली. "शेठला कळलं तर?"

"शेठ आत येतो कधी? शिंका येतात त्याला."

असं ते सुरू झालं. सकाळी वाचन सुरू होताना प्रत्येकीने आपल्या टोपलीतली एक ओंजळ जाऊबाईंच्या टोपलीत टाकायची, जेवणानंतर एक. आणि एखादीला एखादी ओळ पुन्हा ऐकायची असली, तर "पुन्हा" म्हणायचं आणि वर आणखी एक ओंजळ टाकायची. हा नियम तोफेनेच काढला, कारण नवरी, म्हणजे कोंडाळ्यातली नुकतं लग्न झालेली पोर, दर ओळीला पुन्हा पुन्हा करायची. ओंजळ लागल्यावर ती विचार करून म्हणायला लागली. बाकीच्याही. एक ओंजळ म्हणजे कितीतरी वेळा अंगठा मोडणं. तेवढी किंमत देऊन ओळ घ्यायची की नाही, हे जी ती ठरवायची. मुकादमाला काट्यावरून ऐकू यायचं. त्याच्याकडे ओंजळ कुठली? मग तो हळूच नवरीला म्हणायचा, "तू म्हण की ग पुन्हा. तो वकील काय म्हणाला ते गाडीच्या आवाजात गेलं." नवरी म्हणायची, "टोपली काट्यावर चढवताना हात जरा हलका ठेवशील तर म्हणते." सगळ्या हसायच्या. तोही.

जाऊबाई दाराजवळ बसायच्या, तिथे धूळ कमी. तरी मधे मधे ठसका लागायचा. त्यांच्या बोटांनी पान उलटायचं नाही, रक्त लागायचं पुस्तकाला, म्हणून मनगटाने उलटायच्या. पुस्तक तुमच्या वाचनालयाचं.

आणि एकेक पुस्तक महिनोन् महिने परत येत नाही म्हणून तुमच्या कारकुनाने तुम्हाला सांगितलं. तुम्ही जाऊबाईंना बोलावून घेतलंत. मी बरोबर होते. तुम्ही दरडावून विचारलंत, "एवढ्याशा पुस्तकाला तीन महिने कसे लागतात?" त्या बिचाऱ्या घाबरून खरं ते सांगून बसल्या. वखार, वाचन, पुन्हा, ओंजळ, सगळं. तुमचं तोंड एकदम बदललं. तुम्ही खुर्चीतून उठलात. "अहो बाई, बसा ना, उभ्या का? हेच तर आम्ही करतो! सावकाश वाचन! आमचं मंडळच आहे त्याचं. आठवड्याला एक पान. आणि सध्या काय वाचतोय माहितेय? गरिबी! गरिबीवरचं अभिजात साहित्य!"

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. चहा आला. तुम्ही बशी जाऊबाईंच्या हातात देणार तेवढ्यात त्यांची बोटं दिसली, आणि तुम्ही बशी टेबलावर ठेवलीत. सरकवलीत त्यांच्याकडे, दोन बोटांनी. मला तेव्हाच तिथून उठायला हवं होतं.

मग तुम्ही मंडळ घेऊन वखारीत आलात. चष्मेवाल्या बाई, त्यांच्यामागे तो कॅमेरावाला, आणखी चार-पाच जण. ते जाडजूड पुस्तक तुम्हीच आणलंत. परमुलखातल्या एका धोबिणीची गोष्ट, फार जुनी. जाऊबाईंना म्हणालात, "हे पान वाचा. भुकेचं आहे. ह्या एका पानावर आम्ही तीन बैठका घेतल्या."

जाऊबाईंनी वाचलं. धोबिणीच्या घरी दोन दिवस काही नाही, ती इस्त्रीचा कोळसा चाटून बघते, असं काहीसं. आम्ही खुडत होतो. कुणी पुन्हा म्हणालं नाही. पुढच्या पानावर ती धोबीण कपडे पोचवायला मोठ्या बंगल्यात जाते आणि दारातून मेजवानी बघते. भाजलेला पक्षी, त्याच्या पोटात भरलेली फळं, त्यावर ओतलेलं तूप का काय ते.

"पुन्हा!" नवरी ओरडली आणि ओंजळ टाकली.

"पुन्हा!" तोफेने टाकली. "आणि त्या पक्ष्याच्या पोटात काय काय होतं ते जरा दमाने वाच. घाई कसली?"

जाऊबाईंची टोपली त्या एका पानावर अर्धी भरली. तुमचा चेहरा मात्र उतरला. तुम्ही खाली वाकून, लहान पोराशी बोलावं तसं विचारलंत, "आधीचं भुकेचं पान तुम्हाला भिडलं नाही का?"

तोफ म्हणाली, "भूक काय साहेब, घरी जाऊन बघू. आधी ते लोक काय जेवले ते नीट ऐकू द्या."

कोंडाळं खो खो हसलं. तुम्ही चष्मेवाल्या बाईंशी इंग्रजीत काहीतरी बोललात, आणि त्यांनी दयेने मान डोलावली. तेवढ्यात कुणीतरी पोतं ओढलं, धूळ उठली, आणि तुमचं अख्खं मंडळ ठसकायला लागलं. डोळ्यांतून नाकातून नुसत्या धारा. चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले, मिरचीच्या पोत्याला टेकवलेल्या हाताने. मग तर काही विचारू नका. तोफ म्हणाली, "बाई, हौद तिकडे." कॅमेरावाला स्वतः रडत रडत फोटो काढत होता.

तोच हा फोटो. त्याखाली तुम्ही लिहिलंय, "भुकेचं पान ऐकताना वाचकांना अश्रू अनावर." साहेब, फोटोत रडताय फक्त तुम्ही. आम्ही मागे हसतोय, नीट बघा.

इथवर मी सोडून दिलं असतं. लोक येतात, बघतात, जातात. शेळीला नाही का बघत?

पण मग तुम्ही तो कार्यक्रम ठेवलात. गावातला मोठा हॉल, आणि "श्रमिक वाचकांचा गौरव." आमंत्रण घेऊन कारकून घरी आला तेव्हा सासूबाई हरखल्या. "शाल देतील का रे?" दीर ओट्यावरून म्हणाले, "शालीने काय होतंय? हातमोजे मागा." पण त्यांनाही बरं वाटलं होतं, संध्याकाळी त्यांनी जाऊबाईंच्या चपलेचा तुटलेला अंगठा पोती शिवायच्या दाभणाने शिवून दिला. जाऊबाईंनी माझं लग्नातलं लुगडं नेसलं. हातांना ताजं फडकं गुंडाळलं आणि वरून पदर घेतला.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत शेठ बसलेला. प्रमुख पाहुणा. खुर्च्या त्याने दिलेल्या, हे तुम्हीच पुढे माइकवरून सांगितलंत. त्याला बघून जाऊबाईंचा पाय दारातच अडला. मुकादम मागच्या भिंतीला चिकटून उभा होता, त्याला बोलावणं नव्हतं, कौतुकाने आला होता बिचारा. त्याने लांबूनच आम्हाला हात केला, ओंजळीची खूण केली आणि तोंडावर बोट ठेवलं.

जाऊबाई सरळ तुमच्याकडे आल्या. मी मागे होते. शब्दन् शब्द ऐकला. त्या म्हणाल्या, "साहेब, वाचनाचं काय ते सांगा. ओंजळीचं तेवढं बोलू नका. मालकांना माहीत नाही."

तुम्ही म्हणालात, "बरं, बरं."

त्या म्हणाल्या, "माझं काम जाईल साहेब."

तुम्ही त्यांच्या खांद्याला हात लावलात. "अहो, काळजी कशाला करता? मी आहे ना."

मग तुम्ही बोलायला उभे राहिलात. किती वेळ बोललात देव जाणे. गरिबी माणसाला खोल करते म्हणालात. सावकाश वाचणं ही एक तपश्चर्या आहे म्हणालात. आमची अभिरुची अजून घडायची आहे, पण माती चांगली आहे, असंही म्हणालात. लोक जांभया देत होते. पहिल्या रांगेत शेठ मोबाइल बघत होता. ते तुम्हाला दिसलं. मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्हाला दिसलं की सभा हातातून जातेय, आणि तुम्ही जरा थांबलात, पाणी प्यायलात, आणि म्हणालात, "आता मी तुम्हाला एक अशी गोष्ट सांगतो, की तुमच्या अंगावर काटा येईल."

आणि सांगितलंत. सगळं. सकाळची ओंजळ, जेवणानंतरची ओंजळ, पुन्हाची ओंजळ. वर हात पसरून म्हणालात, "ही माउली स्वतः दिवसभर एकही मिरची खुडत नाही! तिची टोपली तिच्या भगिनी भरतात!" शेठने मोबाइल खिशात ठेवला. हॉल टाळ्यांनी दणाणला. मग तुम्ही जाऊबाईंना पुढे ओढलंत. "बाई, ते हात दाखवा लोकांना. संकोच करू नका, हे हात म्हणजे आमचा सन्मान आहे."

त्यांनी पदर सोडला नाही. तुम्ही हसत हसत स्वतःच पदर बाजूला केलात. फडक्याला ओल आली होती. पहिल्या रांगेतल्या एका बाईने "ई" केलं आणि लगेच टाळी वाजवली. जाऊबाईंनी मान खाली घातली ती घरी येईपर्यंत वर केली नाही. शाल मिळाली. शेठच्याच हातून मिळाली.

दुसऱ्या दिवशी काट्याजवळ खुर्ची टाकून शेठ स्वतः बसला होता. नाकाला रुमाल, डोळे लाल. मुकादम त्याच्यामागे, गुन्हेगारासारखा.

शेठ फार गोड बोलला. "वाचनाला माझी ना नाही. मी काल केवढा अभिमानाने बसलो होतो. पण काटा म्हणजे काटा. ज्याची टोपली त्याने भरायची. एकीचा माल दुसरीच्या नावावर गेलेला मला चालत नाही."

तोफ म्हणाली, "शेठ, तुमचं काय गेलं? माल तेवढाच, पैसा तेवढाच."

"माझं काही गेलं नाही. पण बाहेर बघ." त्याने फाटकाकडे बोट केलं. शेतं करपल्यामुळे तिथे रोज बायका बसून असत, आत कुणाची जागा रिकामी होते का बघत. "त्या प्रत्येकीला दोन हात आहेत. मी बिनहाताच्या बाईला बसवून ठेवली म्हणून उद्या त्या मला काय म्हणतील?"

कोंडाळी मोडली. आम्हाला भिंतीकडे तोंड करून ओळीने बसवलं, दोघींमध्ये एक पोतं. जाऊबाईंनी पुस्तक पिशवीत ठेवलं, फडकी सोडली, आणि मिरची हातात घेतली.

मी पोत्याच्या पलीकडून बघत होते. पहिलं देठ निघालं. दुसरं निघालं नाही, नखच नव्हतं, मग त्यांनी दाताने तोडलं. मग सगळीच दाताने तोडायला लागल्या. ओठ सुजले. तोंडातून लाळ गळायला लागली, ती मिरचीवर पडू नये म्हणून खांद्याला पुसत होत्या. एकदा मी ओंजळ भरली आणि हात पोत्यावरून पलीकडे नेला. "ए," शेठ म्हणाला. एवढंच. मी हात मागे घेतला. जेवणाआधी जाऊबाई ओकल्या. ती ओकारीही लाल होती. शेठ खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "मुकादम, हे आधी धुऊन घे. आणि बाईंना घरी पाठव, माणुसकी म्हणून."

त्या माझ्यासमोरून गेल्या. तोफ उठून उभी राहिली, आणि पुन्हा खाली बसली. फाटकातून त्या बाहेर पडायच्या आत दुसरी बाई आत आली. तिचाही राग कसा करू? तिने बसताना माझी नजर टाळली, आणि लगेच खुडायला लागली.

आता त्या घरी आहेत. सासूबाई शाल पांघरत नाहीत, म्हणतात टोचते. दीर ओट्यावर पोती शिवतात. एका टोपलीवर चौघं जगतोय. कसं जगतोय ते सांगणार नाही, तुम्ही त्यावर बैठक घ्याल.

मी तुमच्याकडे आले होते. बैठक चालू होती. गाद्या, लोड, मधे बिस्किटांची ताटली. मी दारात उभी राहून म्हणाले, "साहेब, जरा बोलायचंय." तुम्ही बोट वर केलंत. "एवढं पान होऊ दे." मी थांबले. पान होतं धोबिणीचं काम जातं त्याचं. चष्मेवाल्या बाई वाचत होत्या, फार सुरेख वाचतात, दर ओळीनंतर डोळे मिटून. मालकीण धोबिणीला हाकलते तिथे त्यांचा गळा भरून आला, पुस्तक मांडीवर ठेवून त्या हुंदके द्यायला लागल्या. ह्या वेळी मिरची नव्हती. खरंच रडत होत्या. कुणीतरी त्यांना पाणी दिलं. कुणीतरी म्हणालं, "पुन्हा वाचू या का?" आणि सगळे हो म्हणाले. फुकटात.

मला तिथेच, तुमच्या त्या स्वच्छ फरशीवर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही. पुसायला कारकुनालाच लावलं असतंत.

पान दोनदा झाल्यावर तुम्ही बाहेर आलात. मी सगळं सांगितलं. तुम्ही हळहळलात. म्हणालात, "अरेरे. शेठ असं वागेल वाटलं नव्हतं. पण मी तर कौतुकच केलं हो तुमचं." मी म्हणाले, "शेठला जाऊन सांगा. तुमचं ऐकेल. त्याला हार तुम्ही घालता." तुम्ही चप्पल शोधायला लागलात. "ते जरा अवघड आहे. हॉलच्या नूतनीकरणाचं त्यांच्याकडे बोलणं चाललंय. असं करा, बाईंना आमच्या बैठकीत आणा. येऊन अनुभव सांगू देत. मंडळाला फार उपयोग होईल." मी विचारलं, "त्याचे काय देणार?" तुम्ही दुखावल्यासारखे बघायला लागलात. "अहो, हे सेवाभावाचं काम आहे." आणि आत गेलात. दार लोटून घेतलंत.

म्हणून इथे, तुमच्या वाचनालयात, सगळ्यांसमोर विचारते. तिने तुम्हाला सांगितलं होतं की काम जाईल. तुम्ही बरं म्हणालात, खांद्याला हात लावलात. मग एक माणूस मोबाइल बघतोय एवढ्यासाठी तुम्ही तिला विकलंत की नाही? आणि उद्या सकाळी वखार उघडायच्या आधी मी शेठच्या दारात उभी असणार आहे. मंडळ नको, कॅमेरा नको, पुस्तक नको. तुम्ही एकटे, माझ्याबरोबर आत येताय की नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण ह्या वेळी पान संपायची वाट बघणार नाही मी. बोला.